मदत हवी आहे : १९६६ च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे इंजिन मूळचेच आहे का?

नमस्कार. धंतोलीतील एका परिचित काकांची १९६६ ची एमजीबी विकत घेण्याचा विचार आहे. इंजिन क्रमांकाची पट्टी आरसी पुस्तकाशी जुळते. मात्र आजूबाजूला वर्षानुवर्षांची काजळी साचलेली असताना पट्टीचे रिव्हेट तेवढे चकचकीत दिसले आणि शंकेची पाल चुकचुकली. क्रमांक ‘१८जीबी’ने सुरू होतो, म्हणजे १९६४ मध्ये आलेल्या पाच मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्टचे मुख्य आधार) १७९८ सीसी इंजिनाचा, त्यामुळे काळ जुळतो. इंग्लंडमधील गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींचे प्रमाणपत्र मिळते, ते मागवणारच आहे. परंतु पट्टीच बदललेली असेल तर त्याचा काय उपयोग? इंजिनाचा ब्लॉक (मुख्य ओतीव सांगाडा) त्याच काळाचा आहे हे पट्टीखेरीज कशावरून ओळखावे आणि नागपुरात हे तपासू शकणारा जाणकार मिस्त्री कोण, हे कृपया कळवावे.