३० बाय ५० चा प्लॉट, नकाशा मंजुरीसाठी कोणाकडे जाऊ? (मानेवाडा, नागपूर)

मानेवाड्याची_सून: नमस्कार. सासऱ्यांच्या नावावर प्लॉट आहे. आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आहे, त्याची डिमांड म्हणजे शुल्क २००४ मध्ये भरलं, पावती जपून ठेवलीय. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढंच बांधायचंय. सरकारी शुल्क सोडून नकाशा आणि कागदपत्रांचं बजेट ४० हजार. बाबांचे गुडघे गेलेत, त्यांना ऑफिसचे जिने चढवायचे नाहीत.

हुडकेश्वरकर: ताई, सरळ एजंट धरा. मी ९० हजार दिले, डोक्याला ताप नाही. आणि वरच्या मजल्याची मंजुरी आत्ताच घेऊन टाका. आमचं दोन मजली झालं, समोरून ग्रॅनाइट.

महालवाला: भाऊ, त्या ४० सांगून राहिल्या. माझं ऐका. पहिली त्रुटी निघाली: विक्रीपत्रात वडिलांचं नाव ‘रमेशराव’, आरएलवर ‘रमेश’. प्रतिज्ञापत्र दिलं. तीन आठवड्यांनी म्हणे, समोरच्या रस्त्याची रुंदी नकाशावर नाही. ती टाकली, तर जिन्याचं माप. नकाशा तोच, तपासणारा तोच! तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी एका कागदावर दिल्या असत्या तर माझा अख्खा पावसाळा वाचला असता. मंजुरी सुधारायची तर आधी हे करा. नुसतं ऑनलाइन करून काय होते?

धंतोलीकर: ऑनलाइनने फरक पडलाच. फाइल कुठे अडली ते घरबसल्या दिसते.

महालवाला: दिसते, पण हलत नाही ना!

बेसा_फ्लॅट: प्लॉट विका, इकडे फ्लॅट घ्या. लिफ्ट आहे, बाबांना बरं.

सिव्हिल_९८: १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ४५ वाचा. ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळालीच समजायची.

नकाशावाली: बांधकाम नियमात बसत असेल तरच, सर. त्या भरवशावर पाया खोदू नका.
ताई, ३० बाय ५० म्हणजे सुमारे १३९ चौरस मीटर. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर लहान घरासाठी सोपी वाट आहे. परवानाधारकाने केलेला नकाशा आणि मालकीचे कागद द्यायचे, शुल्क भरायचं. ती पावती हीच परवानगी. लेआउट मंजूर किंवा नियमित हवा, तो तुमचा आहे. पण आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या. जागेवर १६२० चौरस फूट भरले तर ही वाट बंद. आणि आर्किटेक्टची फी आधीच लिहून घ्या.

हुडकेश्वरकर: मी तेच म्हटलं, जाणकार माणूस धरा. आणि दोन मजल्यांचं घ्या.

धंतोलीकर: दोन मजल्यांना माझंही +१. नंतर पुन्हा सगळं करावं लागते.

नकाशावाली: मीही तेच सुचवेन.

मानेवाड्याची_सून: सगळ्यांचे आभार. घरी बोललो. एजंट नको आणि वरचा मजलाही नको.  वर बांधायला पैसे इतक्यात जमणार नाहीत, मग त्याचं शुल्क आज कशाला भरू? नकाशावालीताई, तुम्हाला मेसेज केलाय. मोजणीचा अर्ज उद्या. महालवाले दादा, तुमचं वाचून रात्रीच कपाटातली फाइल काढली. विक्रीपत्रात बाबा ‘नारायणराव’ आणि आरएलवर ‘नारायण’. प्रतिज्ञापत्र सोमवारीच करून घेते.