छोट्या पेपरची साइट: वर्डप्रेसच, की आणखी काही?

बाराबंडी:
आमचा आठ पानी पेपर सोलापुरातून निघतो, बार्शी-मंगळवेढ्यापर्यंत जातो. संपादकीयात चौघं. आठ वर्षांपूर्वी एका पोरानं साइट स्वतः कोड लिहून बनवून दिली होती. पोरगा पुण्याला गेला, फोन उचलेना. मागच्या महिन्यात साइट बंद पडली तेव्हा कळलं, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्या मेहुण्याच्या नावावर! त्यामुळे आता साइट चालवायला ओपन सोर्सच, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर घ्यायचं, हे मालकांनाही पटलंय. माझं मत वर्डप्रेसला. कारण एकच, रात्री अकराला काही अडलं तर इथं सात रस्ता चौकाच्या आसपास दुरुस्त करणारा कुणीतरी सापडतो. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.

कांदामार्केट:
नाही पटत. वर्डप्रेस २००३ साली ब्लॉगसाठी निघालं आणि मनानं अजून तिथंच आहे. सोलापूरचा वाचक तुमच्याकडं काय बघायला येतो? कांद्याचा भाव आणि उजनी धरणाची पातळी. हे लेख नव्हेत, तक्ते आहेत. ड्रुपल हे दुसरं ओपन सोर्स घ्या. त्यात ‘बाजारभाव’ असा वेगळा प्रकार करायचा, रकाने ठरवायचे: तारीख, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. उपसंपादकानं रोज नुसते आकडे भरायचे. गेल्या वर्षी याच दिवशी काय भाव होता, तेही शेजारी दाखवता येतं. हे सगळं मूळ ड्रुपलमध्ये होतं. वर्डप्रेसमध्ये त्याला एक प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा तुकडा, मग त्या प्लगइनला दुसरं प्लगइन. आणि साइटला भोक पडतं ते बहुतेक वेळा तिथूनच.

बाराबंडी:
उजनीवरून आठवलं. जुन्या साइटवर पातळीचा रकाना वजा आकडा घ्यायचाच नाही. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये जातं, हे सोलापुरात वाढलेल्या पोराला सुचू नये? मृतसाठ्याला हात लागला तरी आमच्या साइटवर आपलं शून्य टक्के!

तक्त्यांचं म्हणणं मान्य. पण ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळणं ५ जानेवारी २०२५ ला संपलं आणि तिथून पुढं जायचं म्हणजे डागडुजी नाही, पाया खणून नवं घर. सुरक्षेचं म्हणाल तर ऑक्टोबर २०१४ आठवा, ड्रुपलमध्ये मोठं भोक सापडलं होतं. ड्रुपलच्या सुरक्षा गटानंच सांगितलं होतं की जाहीर झाल्यापासून सात तासांत दुरुस्ती लावली नसेल, तर साइट फुटली असंच धरा. सात तासांत आमचा अंक छापून एसटीत चढतो. दुरुस्ती कोण लावणार होतं?

कांदामार्केट:
२०१४ चं भूत किती दिवस नाचवणार? आठव्या आवृत्तीनंतर पुढची उडी बरीच सोपी झालीय.

होटगीरोड:
दोन्ही सोडा, ह्यूगो घ्या. नुसत्या तयार फायली, डेटाबेसच नाही. निकालाच्या दिवशी कितीही गर्दी झाली तरी साइट झोपत नाही.

बाराबंडी:
ह्यूगोत फायली चढवायला बहुधा गिट लागतं, म्हणजे फायलींतले बदल नोंदवायचं साधन. मंगळवेढ्याच्या वार्ताहराला ते शिकवायला तुम्ही या. चहा आमच्याकडं.

अशोकचौक:
जाहिरातीवर किती दिवस काढणार? घोस्ट बघा. वर्गणीदारांची यादी, ईमेलनं जाणारा अंक, सगळं आतच. मागं ना-नफा संस्था आहे, परवाना एमआयटी, म्हणजे कुणीही फुकट वापरा. लिहायची खिडकी तर इतकी कोरी की उपसंपादकाला चुकीचं बटण दाबायची सोयच नाही.

शेंगाचटणी:
दादा, घोस्टला नोड लागतं, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, साध्या स्वस्त होस्टिंगवर ते चढत नाही. वर्गणी घ्यायची तर मुळातली सोय ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या स्ट्राइप कंपनीची, आणि स्ट्राइप २०२४ पासून भारतात नवी खाती आमंत्रणावरच देतं. आपला वाचक महिन्याचे पैसे पेपर टाकणाऱ्या पोराच्या हातात ठेवतो. ईमेल तो उघडतो कधी?

मी बावीस वर्षं पानं लावते, म्हणून मधे तोंड घालते. सॉफ्टवेअरवर भांडताय, पण मजकूर आहे कशात? बहुतेक छोट्या पेपरांचं पान अजून जुन्या फॉन्टातच लागतं, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेत. तिथून उचलून साइटवर टाकलं की इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कन्व्हर्टरनं काढलं तर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, आणि ते सुधारायला रात्री एक वाजता कुणाला त्राण असतं? बातमी आधी युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशी, टाइप व्हायला हवी, पान त्यावरून लावावं. हे जमलं नाही तर ड्रुपल घ्या नाही तर वर्डप्रेस, साइट तिसऱ्या आठवड्यात शिळी.

दुसरं, वर्डप्रेस घेणारच असाल तर लिंक हातानं इंग्रजी अक्षरांत लिहा. मथळ्यावरून बनणाऱ्या लिंकेला दोनशे जागांची मर्यादा आहे, आणि मराठीचा एकेक काना-मात्रासुद्धा त्यात नऊ जागा खातो. ‘सिद्धेश्वर यात्रेत अक्षता सोहळा’ असा मथळा दिला की लिंक ‘अक्षत’वर तुटते. काना गेला, सोहळाही गेला.

बाराबंडी:
ताई, हे आम्हाला कुणी बोललंच नव्हतं. आमचा डीटीपीवाला जुना फॉन्ट सोडायला तयार नाही, बोटं बसलीत म्हणतो.

शेंगाचटणी:
माझीही बसली होती. टाइपरायटरचीच मांडणी ठेवून युनिकोड टाइप करता येतं, बोटांना काही शिकवावं लागत नाही. त्याला तेवढं दाखवा.

कांदामार्केट:
म्हणजे वर्डप्रेस ठरलंच म्हणायचं. मग निदान एवढं करा, भावाचा तक्ता रोजच्या बातमीत फोटो काढून चिकटवू नका. पुढच्या संक्रांतीला मी विचारणार, गेल्या संक्रांतीला कांदा काय भावानं गेला? तुमची साइट उत्तर देते का बघू.

बाराबंडी:
विचारा. साइटनं नाही दिलं तर माळ्यावर बांधीव फायली आहेत, धूळ झटकून सांगतो. आणि डोमेन या खेपेला मालकांच्याच नावावर घेतोय, त्यांच्या मेहुण्याच्या नाही.