मुलाखतीत पगाराचा आकडा मीच आधी खाली का आणतो?

सिडकोकर_४१

नमस्कार. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या नाशिकमधील सातपूरच्या एका कारखान्यात मी चौदा वर्षे गुणवत्ता विभागात होतो. आम्ही ज्या मॉडेलसाठी भाग पुरवीत होतो ते ग्राहकाने बंद केले, आमची लाइन उठली आणि विभागातील सहा जणांना कमी करण्यात आले. त्यांतला मी एक. त्याला आता सात महिने झाले. या काळात मी साठ ठिकाणी अर्ज केले, नऊ मुलाखती दिल्या आणि दोन ठिकाणी दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचलो.

अर्ज कुठे करावा हे मला विचारायचे नाही. गेल्या महिन्यात अंबडमधील एका मुलाखतीत पगाराचा विषय निघण्यापूर्वीच मी सांगून टाकले की, आधीपेक्षा दहा हजार कमी मिळाले तरी चालतील. हे मी का बोललो, ते मलाही कळले नाही. त्याच मुलाखतीत एफएमईएवर, म्हणजे कोणता दोष कसा उद्भवेल आणि त्याचा काय परिणाम होईल हे आधीच तपासण्याच्या पद्धतीवर, प्रश्न आला आणि मी सवयीने आरपीएनवर, म्हणजे दोषाची जोखीम गुणाकाराने मोजणाऱ्या जुन्या आकड्यावर, बोलू लागलो. तेव्हा समोरच्या तरुण अभियंत्याने शांतपणे सांगितले की, एफएमईएच्या २०१९ च्या नव्या पुस्तिकेनंतर त्यांच्याकडे अ‍ॅक्शन प्रायॉरिटी ही पद्धत वापरतात. आमच्या ग्राहकाने जुनीच पद्धत चालू ठेवली होती, म्हणून मला नवीची गरज पडली नव्हती, पण एवढे साधे स्पष्टीकरण द्यायलाही जीभ रेटेना.

सकाळी दूध आणायला त्रिमूर्ती चौकात गेलो की कंपनीच्या बसची वाट पाहणारे ओळखीचे लोक भेटतात आणि ‘काय, सुटी का आज?’ असे विचारतात. हल्ली मी दूध साडेनऊनंतर आणतो. पत्नी शिक्षिका असल्यामुळे घर चालते आहे, आणि म्हणूनच कदाचित तक्रार करण्याचीही लाज वाटते. शोध इतका लांबल्यावर मुलाखतीच्या खुर्चीत ताठ कसे बसावे, हे या काळातून गेलेल्यांनी कृपया सांगावे.

निवृत्त_मनुष्यबळ

मी तीस वर्षे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो, त्यांतली बरीच सिन्नरला. तुम्ही गुणवत्ता विभागातले असूनही स्वतःच्या आकड्यांकडे त्या नजरेने पाहिलेले दिसत नाही. साठ अर्जांतून नऊ मुलाखती, म्हणजे १५ टक्के. तुमचा बायोडेटा त्याचे काम करतो आहे, त्याला पुन्हा पुन्हा रंगरंगोटी करण्यात वेळ घालवू नका. नऊपैकी सात ठिकाणी गाडी पहिल्या फेरीत अडली, याचा अर्थ रिजेक्शन एकाच स्टेशनवर होत आहे. लाइनवर असे दिसले असते तर तुम्ही सारा कारखाना नालायक ठरवला नसता, त्या स्टेशनवर जाऊन उभे राहिला असता.

तिथे तुम्हाला दोन कारणे आधीच सापडली आहेत. एफएमईएचे कारण तर आठवडाभराच्या अभ्यासाचे आहे. जुन्या पद्धतीत तीव्रता १०, संभाव्यता २ आणि शोध (दोष पकडणे किती कठीण) २ यांचा गुणाकार ४० येतो, आणि तीव्रता २, संभाव्यता ५, शोध ४ यांचाही ४०च. एका दोषाने माणसाचा जीव जाऊ शकतो आणि दुसऱ्याने फार तर गिऱ्हाईक कुरकुर करील, तरी कागदावर दोघे सारखेच. नव्या पद्धतीत तीव्रतेला आधी महत्त्व देऊन उच्च, मध्यम किंवा कमी असा प्राधान्यक्रम ठरतो. चौदा वर्षांत ज्याने असे दोष हाताने पकडले आहेत त्याला हा फरक त्या तरुण अभियंत्यापेक्षा अधिक चांगला समजावून देता यावा. पुढच्या वेळी विषय निघाला तर आपल्या जुन्या कामातला एखादा भाग घेऊन दोन्ही पद्धतींनी मांडून दाखवा.

पगाराचे म्हणाल, तर न विचारता कमी केलेला आकडा आम्हाला नम्रपणा वाटत नसे. या माणसात काही खोट आहे किंवा दुसरीकडे चार पैसे जास्त मिळताच हा निघून जाईल, अशी शंका येत असे. विषय निघाल्यावर या पदासाठी तुमच्याकडे काय श्रेणी आहे, एवढेच विचारावे. लाइन बंद झाल्याचे दोन वाक्यांत सांगून थांबावे. तिसरे वाक्य बहुधा केविलवाणे होते.

आणि ज्या ठिकाणांहून उत्तरच आले नाही त्यांचा अर्थ लावत बसू नका. पद गोठवले जाते, आतल्याच कोणाला बढती मिळते, साहेब बदलतो. मी स्वतः असे कितीतरी अर्ज फाइलला लावून ठेवले आणि अर्जदारांना दोन ओळी कळवल्या नाहीत, याची आता खंत वाटते.

गंगापूर_रोडची_वाचक

वरील हिशेब मला पटतो, परंतु तो मांडायला जे मन ताळ्यावर असावे लागते त्याचे काय? मी हिशेबनीस आहे आणि अकरा महिने घरी होते. तुमच्या लिहिण्यात मला पगाराच्या आकड्यापेक्षा दुधाची सरकलेली वेळ अधिक गंभीर वाटली. जो माणूस रोज सकाळी ओळखीच्या नजरा चुकवतो, तो मुलाखतीच्या दिवशी अचानक नजरेला नजर कशी देणार? स्वतःची किंमत कमी करण्याची तालीम रोज चौकातच होते आहे.

१९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावची कापडगिरणी बंद पडली, तेव्हा मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेकार कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला. लोकांकडे आता वेळच वेळ होता, तरी गावच्या ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली, आणि रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांची चालसुद्धा मंदावलेली आढळली. पुढे याहोडाबाईंनी मांडले की नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, चारचौघांच्या कामात वाटा, समाजातले स्थान आणि नियमित हालचाल. हे वाचले तेव्हा मला हायसे वाटले, कारण माझी दुपारची सुस्ती हा माझ्या स्वभावाचा दोष आहे असे मी धरून चालले होते.

मग मी यांपैकी ज्या गोष्टी नोकरीविना मिळवता येतील त्या मिळवल्या. घरातल्या टेबलावर मला झोप यायची, म्हणून रोज दहाला सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागले. ही संस्था १८४० पासूनची आहे. तिथे पेपर वाचत बसलेल्या ज्येष्ठांपैकी कोणीही मला ‘सध्या काय करतेस?’ असे विचारले नाही, हा मोठाच आधार होता. अर्ज आणि फोन एक वाजेपर्यंत करायचे, त्यानंतर नोकरीचे संकेतस्थळ उघडायचे नाही, असे ठरवले. घरच्यांशीही एक करार केला. ‘काही कळले का?’ हा प्रश्न त्यांनी फक्त शनिवारी विचारायचा. यजमानांना सुरुवातीला हे विचित्र वाटले, पण रोजच्या जेवणातला अवघडलेपणा गेला.

झोप उडाली असेल, अन्न गोड लागत नसेल किंवा जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची निःशुल्क सेवा आहे आणि मराठीतही बोलता येते. मी उशिरा केला होता.

अंबड_वर्कशॉप

चौकातल्या लोकांना चुकवून तुम्ही स्वतःचेच नुकसान करून घेत आहात. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या एका गाजलेल्या लेखात दाखवले होते की, नोकरीची बातमी अनेकदा जवळच्या मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून कळते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. बसथांब्यावरचे ते वीस जण वेगवेगळ्या कंपन्यांत जातात. ‘सुटी का?’ असे कोणी विचारले तर ‘नाही, आमची लाइन बंद झाली, क्वालिटीत जागा कळली तर सांगा’ एवढे म्हणायचे आणि दूध घेऊन घरी यायचे.

माझ्यासारख्या लहान वर्कशॉपवाल्यांना पूर्णवेळ गुणवत्ता अभियंता परवडत नाही, पण ग्राहकाचे ऑडिट आले किंवा पीपीएपीचे, म्हणजे नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याचे, कागद तयार करायचे झाले की धावपळ होते. अशा कामाला आठ-दहा दिवसांसाठी माणूस लागतो. दिवसाचा दर सांगून काम घ्या, ओळखीखातर फुकट करू नका. बायोडेटातला खंडही त्यामुळे रिकामा राहत नाही. मात्र नोकरी लावून देतो म्हणून जो नोंदणीचे किंवा प्रशिक्षणाचे पैसे आधी मागेल, त्याच्या दारात पुन्हा उभे राहू नका.

सिडकोकर_४१

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या फेरीत अडलेल्या सातही मुलाखती काल कागदावर मांडल्या. त्यांपैकी चार ठिकाणी मी पगाराबद्दल आपणहून बोललो होतो, हे आठवून ओशाळलो. एफएमईएचा अभ्यास सुरू केला आहे. जुन्या कामातला एक ब्रॅकेट दोन्ही पद्धतींनी मांडला, तेव्हा आम्ही ज्या दोषाला वर्षानुवर्षे खाली ठेवले तो वर आला. बऱ्याच दिवसांनी दोन तास कसे गेले ते कळले नाही.

आज पावणेसातला चौकात गेलो. पहिल्याने विचारल्यावर वाक्य अर्धेच निघाले, दुसऱ्याला पूर्ण सांगता आले. त्याने गोंद्याच्या एका कारखान्यात चौकशी करतो असे म्हटले आहे. शनिवारचा करार पत्नीला सांगितला, तर ती म्हणाली की, ती तसेही विचारत नव्हती, माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळत होते.

गुरुवारी एका ठिकाणी दुसरी फेरी आहे. निवृत्त_मनुष्यबळ यांना एक शंका विचारतो. मुलाखत घेणाऱ्यांनी शेवटचा पगार नेमका किती होता असे विचारले, तर टाळावे की सांगावे?

निवृत्त_मनुष्यबळ

खरा आकडा सांगा, नंतर पगारपत्रक मागतातच. अपेक्षा विचारली तर तो वेगळा प्रश्न समजा, आणि आकडा सांगून झाल्यावर समोरचा बोलेपर्यंत गप्प राहा. ती शांतता फार लांब वाटेल. आम्ही त्या वेळी बहुधा कागदावर बेरीज करत असतो.