जीबी म्हणजे नक्की किती? हजाराचा की १०२४चा?

हे शब्दचर्चेत बसतं का माहीत नाही पण विचारतोच. १ टीबीची नवी हार्डडिस्क घेतली, विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते, दुकानदार म्हणतो बाकीची फॉरमॅटिंगमध्ये गेली. एवढी? आणि किलो म्हणजे हजार ना, मग हे १०२४ कुठून आलं? जाता जाता, बाइटला मराठीत काय म्हणायचं?

---

फॉरमॅटिंगला थोडी जागा जाते हो, पण एवढी नाही. डिस्कवाले १ टीबी म्हणजे सरळ एक लाख कोटी बाइट धरतात आणि तेवढे देतातही. विंडोज त्याच आकड्याला १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ ने भागतं, ९३१ आणि वर थोडं येतं, आणि पुढे खुशाल जीबीच लिहितं. गेलं काहीच नाही, पूर्वी कच्चा शेर नि पक्का शेर असायचा त्यातला प्रकार. मॅकवाले २००९च्या स्नो लेपर्ड आवृत्तीपासून हजारानेच मोजतात, त्यामुळे तीच डिस्क तिथे लावली की पूर्ण दिसते.

१०२४ आलं मेमरीमुळे. तिथे सगळं दोनाच्या पटीत, दोनाचा दहावा घात १०२४, हजाराच्या जवळ आहे ना मग म्हणा किलो, असं झालं. केबीला फरक २.४ टक्केच पण दर पायरीला वाढत जातो, जीबीला ७ च्या वर, टीबीला जवळजवळ १०.

---

यावर आयईसीने (विद्युत-तंत्राची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) १९९८ साली तोडगा काढला होता, १०२४वाल्यांना किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट म्हणायचं. पण दुकानात जाऊन गिबीबाइट मागून बघा, बाळाचं काही हवंय का विचारतील 😄 मोबाइलच्या एकाच खोक्यावर ८ जीबी रॅम १०२४वाली आणि १२८ जीबी स्टोरेज हजारवालं असतं. सगळ्यात कहर जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी, ती १४४० गुणिले १०२४ बाइटची, म्हणजे एमबी धड हा पण नाही नि तो पण नाही.

---

बाइटला फ्रेंच लोक ऑक्टेट म्हणतात, आठ बिटांचा म्हणून (बिट म्हणजे एक ० किंवा १). त्या चालीवर आपल्याकडे 'अष्टक' चालेल का?

---

नको हो, अष्टक म्हटलं की मंगलाष्टकं ऐकू येतात, डिस्क भरली की अक्षता टाकायच्या का? बाइट रुळलाय, राहू द्या. त्यापेक्षा मराठीत लिहिताना खरी अडचण वेगळीच आहे. इंग्रजीत छोटा बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट, आपल्या लिपीत छोटंमोठं नाहीच, म्हणून '१०० एमबीपीएस' वाचून लोकांना वाटतं सेकंदाला १०० एमबी उतरणार. ते मेगाबिट असतात, आठने भागा, साडेबारा एमबी, तेही सगळं सुरळीत असेल तर. म्हणून लिहिताना मेगाबिट, मेगाबाइट असं पूर्णच लिहावं.

---

पटलं, धन्यवाद. मग एका मराठी अक्षराला किती बाइट लागतात?

---

यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची रूढ पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) प्रत्येक चिन्हाला ३, आणि काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतात. 'मराठी' शब्दाचे १५ बाइट, 'क्षि'चे एकट्याचे १२. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात तिथे आपली ७०च चिन्हं, तिथलं एन्कोडिंग वेगळं आहे पण मार आपल्यालाच.