शब्दचर्चा : ‘लिंक्ड मॉडेल्स’ना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : वन्यजीवांवरचा एक लेख मराठीत आणतोय. रोगाचं, हवामानाचं आणि प्राण्यांच्या संख्येचं अशी संगणकावरची मॉडेल्स जोडून एखादी जात तग धरेल का, ते पाहण्याबद्दल आहे. मी ‘एकत्रित प्रतिमान’ लिहिलंय. चालेल?

उत्तर : ‘एकत्रित’ नको, त्यात वेगळेपण पुसलं जातं. इथे व्हॉर्टेक्स हा प्रोग्रॅम जन्ममृत्यूचा हिशेब ठेवतो, आउटब्रेक कोणता प्राणी रोगाच्या कोणत्या अवस्थेत आहे ते बघतो, आणि मेटामॉडेल मॅनेजर दोघांमधला निरोप्या. आउटब्रेकने मादी आजारी असल्याचं कळवलं की व्हॉर्टेक्स तिच्या जगण्याची शक्यता कमी करू शकतो. ती मेली की आउटब्रेकच्या यादीतूनही जाते. दोघंही शाबूत. म्हणून ‘सांधलेली प्रतिमाने’. सांधा दोन हाडं जोडतो, त्यांचं एक हाड करत नाही.

प्रश्न : मग ‘साखळी’ का नको?

उत्तर : साखळीत गोष्ट एकाच दिशेने सरकते. इथे समजा साथीने सिंह कमी झाले, की विषाणूलाही शिरायला घरं कमी उरतात, म्हणजे परिणाम उलटा फिरतो.

सिंहांवरून आठवलं. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या जंगलात १९९४ साली सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. डिस्टेंपरच्या, म्हणजे कुत्र्यांनाही होणाऱ्या एका विषाणूजन्य रोगाच्या, साथी तिथे आधीही आल्या होत्या, पण सिंह असे पटापट मेले नव्हते. या वेळी आधी दुष्काळ पडला होता. रानरेडे खंगले, त्यांच्या अंगावर गोचीड माजले, गोचिडांमधून बबेशिया हा रक्तातला परजीवी सिंहांत शिरला, आणि डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती पाडल्यावर तो बेफाम वाढला. हवामानवाला, गोचीडवाला, विषाणूवाला आपापल्या खोलीत बसले असते तर तिघांनीही ‘फार काही नाही’ असंच म्हटलं असतं.

दुसरं एक मत : सांधा मान्य. पण ‘रिस्क’ला सरसकट ‘धोका’ लिहू नका. दुष्काळ हा धोका. तीच कहाणी संगणकावर हजार वेळा चालवली आणि त्यातल्या अमुक वेळा जात नामशेष झाली, तर ती जोखीम. धोका नुसता असतो, जोखीम मोजावी लागते.

आणि सिंहांची ‘लोकसंख्या’ तर नकोच, मतदारयादी डोळ्यांपुढे येते. आकडा असेल तिथे ‘संख्या’, प्राणी असतील तिथे ‘समूह’. साथ समूहात पसरते, संख्येत नाही.

प्रश्न : मथळ्यात ‘सांधलेली प्रतिमाने’ टाकलं. संपादकांनी विचारलं, संधिवातावर आहे का?

उत्तर : मग मथळ्यात ‘मॉडेल’ ठेवा. सांधा आत पहिल्या परिच्छेदात, सिंहांसकट.