पहिला मेटल डिटेक्टर: सगळे सिम्प्लेक्स सांगतात, मी व्हॅन्क्विश सांगतो

नांगरट

इंग्लंडात येऊन शेतांतून डिटेक्टर फिरवायचा नाद लागलेली आपली काही मंडळी ओळखीत आहेत. नवीन माणूस विचारतो, दोन-अडीचशे पौंडांत कोणता घेऊ? त्यावर ठरलेलं उत्तर येतं, 'नोक्ता सिम्प्लेक्स घे, वॉटरप्रूफ आहे.' मला हे उत्तर पटत नाही, म्हणून हा धागा.

या किमतीत खरी लढत तिघांत आहे. मायनलॅबची व्हॅन्क्विश मालिका (३४०, ४४०, ५४०), तुर्कस्तानच्या नोक्ताचा सिम्प्लेक्स आणि टेक्ससच्या गॅरेटचा एस ३००. माझं मत व्हॅन्क्विश ४४०ला. कारण मल्टी-फ्रीक्वेन्सी.

मशीनच्या खालच्या टोकाची कॉइल (तारेचं वेटोळं) जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत प्रवाह फिरतात, आणि परत येणाऱ्या सिग्नलला किती उशीर झाला यावरून मशीन धातूचा अंदाज बांधतं. गोची अशी की मातीतली लोहखनिजंही सिग्नल देतात आणि ओल्या वाळूतलं खारं पाणीही. एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं मशीन या दोघांपैकी एकाला गप्प करू शकतं, दोघांना एकदम नाही. सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झवर चालतो, एस ३०० आठवर. व्हॅन्क्विश एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर ऐकतो. लाटेच्या कडेला ओल्या वाळूत तिन्ही शेजारी शेजारी फिरवून बघा, बाकीचे दोन किरकिरायला लागतात.

३४० स्वस्त आहे पण त्याला पिनपॉइंटचं (वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारं) बटणच नाही, सोडून द्या. ५४० उत्तम, पण मग बजेट कुठलं? एस ३०० टिकाऊ आहे, नाव मोठं आहे. पण २०१९नंतर बाजार फार पुढे गेलाय.

ढेकूळफोड्या

धागाकर्त्याने समुद्र दाखवून शेत विकलं.

इंग्लंडात समुद्रापासून सर्वांत लांब मानलं जाणारं ठिकाण म्हणजे डर्बीशरमधलं कॉटन इन दि एल्म्स. मला ज्या शेतांची परवानगी मिळालीय ती तिथून फार लांब नाहीत. मी ओली खारी वाळू कुठून आणू? मिडलंड्सच्या मातीत खनिजांचा त्रास बेताचाच. तिथे १२ किलोहर्ट्झ नाण्याला पुरेसे खोल जातात, आणि स्वतः बटण दाबून ग्राउंड बॅलन्स करायची, म्हणजे मशीन त्या मातीशी जुळवून घ्यायची, सोय सिम्प्लेक्समध्ये आहे, व्हॅन्क्विशमध्ये नाही. कंपनी म्हणते गरज नाही. माझ्या हातात बटण दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

दुसरं, वॉटरप्रूफ म्हटलं की लोकांना पाणबुडी आठवते. सिम्प्लेक्स प्लस ३ मीटर पाण्यात जातो, त्यातला मीटरही मी वापरलेला नाही. मी वापरतो ते पावसात. ऑक्टोबरात पेरणीआधी शेत मोकळं मिळतं ते थोडेच दिवस, आणि त्या दिवसांत इथे आभाळ काय करतं ते सांगायला नको. व्हॅन्क्विशची कॉइल भिजलेली चालते, पण वरचा डबा चालत नाही. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून फिरणारे बघितलेत. काचेतून आकडा दिसत नाही, बटण दाबलं जात नाही. मला चिखल झाला तर घरी येऊन अख्खं मशीन नळाखाली धरता येतं.

नांगरट

@ढेकूळफोड्या, पावसाचा मुद्दा मान्य. पण मग सिम्प्लेक्सच का? २०२३मध्ये मायनलॅबचाच एक्स-टेरा प्रो आला. ५ मीटर पाण्यात चालतो आणि ५, ८, १०, १५ किलोहर्ट्झपैकी हवी ती फ्रीक्वेन्सी निवडता येते. एका वेळी एकच, हे खरं. पण मोठ्या चांदीच्या नाण्याला खालची आणि पातळ, बारीक वस्तूला वरची, एवढी मुभा तरी मिळते.

ढेकूळफोड्या

म्हणजे मल्टी नसलेलं मशीन आता चालतं तर! धाग्याचं शीर्षक बदला.

मृण्मयी_नॉरिच

दोघेही मशीनच्या डब्यावरचं वाचून भांडताय. शेतात काय होतं ते सांगते.

सिग्नल आला, गोड आवाज, आकडा स्थिर. नवख्या माणसाचा हात थरथरतो. खणल्यावर निघतं काय? कॅनचं रिंग-पुल. ॲल्युमिनियमचं रिंग-पुल आणि सोन्याची पातळ अंगठी मशीनला जवळपास सारखीच दिसतात, कारण मशीनला धातूचं नाव कळत नाही. वहनक्षमता आणि आकार यांची गोळाबेरीज तेवढी कळते. व्हॅन्क्विश ती उणे ९ ते ४०मध्ये सांगतो, सिम्प्लेक्स ० ते ९९मध्ये. ९९ची पट्टी जास्त बारकाईची वाटते, पण खोलवरच्या नाण्यावर आकडा सारखा नाचतो आणि माणूस 'गंजकं लोखंड असेल' म्हणून पुढे जातो. चाळिशीच्या पट्टीवर तेच नाणं ठाम वाटतं. ठाम वाटतं म्हणून जास्त खरं असतं असं नाही.

आणि हाताने ठोकलेली मध्ययुगीन चांदीची नाणी विसरू नका. इथे १६६२मध्ये यंत्राने पाडलेली नाणी पक्की रुळली, त्याआधीची पातळ, नखाएवढी, बरेचदा अर्धी कापलेली. ती कोणत्याही स्वस्त मशीनवर 'बहुतेक फॉइल' अशीच वाजतात. फॉइल गाळायची सेटिंग लावलीत की तीही गेली.

माझं म्हणणं असं: मशीनवर थोडे कमी घाला आणि हातातला पिनपॉइंटर (खड्ड्यात टोचून वस्तू नेमकी शोधणारी छोटी कांडी) घ्या. सिग्नल आला की घोड्याच्या नालाच्या आकाराचं गवताचं ढेकूळ तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून उलटायचं आणि पिनपॉइंटर आधी ढेकळात, मग खड्ड्याच्या भिंतीत टोचत फिरवायचा. तो नसेल तर खड्डा बादलीएवढा होतो. शेतकऱ्याने असा खड्डा एकदा पाहिला की पुढची परवानगी विसरा. (पिनपॉइंटरच्या नकला बाजारात बऱ्याच आहेत. फारच स्वस्त दिसला की समजून घ्या.)

खडूस_काका

मृण्मयीताईंना अनुमोदन. बाकी सगळी मशीनवाल्यांची जाहिरातबाजी.

२००९च्या जुलैत स्टॅफर्डशरमधल्या हॅमरविचला टेरी हर्बर्टने जे अँग्लो-सॅक्सन सोनं काढलं, ते जुन्या, साध्या डिटेक्टरवर. साडेतीन हजारांहून जास्त वस्तू आणि तुकडे. किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड, शोधणारा आणि शेतमालक यांच्यात वाटून. तेव्हा कुठलं ब्लूटूथ? गॅरेटचा जुना एस २५० सेकंडहँड घ्या, चार पेन्सिल सेल टाका, आणि उरलेल्या पैशात बायकोला जेवायला न्या.

ढेकूळफोड्या

काका, हे उदाहरण सगळीकडे फिरतं आणि चुकीच्या बाजूने फिरतं. तो खजिना नांगराने वर आणलेल्या मातीत विखुरलेला होता, खोल पुरलेल्या हंड्यात नाही. तिथे तुमचा एस २५०च काय, कोणतंही चालू मशीन वाजलं असतं. यावरून मशीनला महत्त्व नाही असं सिद्ध होत नाही, शेत बरोबर हवं एवढंच होतं.

सेकंडहँडला मात्र विरोध नाही. पण मग मायनलॅबचा जुना इक्विनॉक्स ६०० बघा. मल्टीही आहे आणि वॉटरप्रूफही. वॉरंटी मिळणार नाही, ही किंमत मोजायची तयारी हवी.

खडूस_काका

बरोबर शेत मिळवायला शेतकऱ्याशी गोड बोलावं लागतं, ते मशीनमध्ये येत नाही. तेच म्हणतोय मी.

भुईमूग_सातारा

चर्चा वाचून हात शिवशिवायला लागले. इकडे ऑनलाइन चार-पाच हजारांत डिटेक्टर दिसतात. एकावर 'जमिनीखाली ५ मीटर' लिहिलंय. आमच्याकडे किल्ल्यांची कमी नाही. घेऊ का?

नांगरट

भुईमूगराव, ५ मीटर विसरा. या धाग्यातली चांगली मशीनंही नाण्यावर वीतभर खोली देतात, थोडी इकडेतिकडे. मोठं भांडं थोडं जास्त. मीटरच्या गप्पा मारणाऱ्या वस्तूत बहुतेक वेळा एक सळई आणि एक दिवा असतो.

किल्ल्याचं तर नावच काढू नका. संरक्षित स्मारकावर खणणं हा १९५८च्या कायद्याने गुन्हा आहे आणि भोवतालचे १०० मीटरही प्रतिबंधित क्षेत्रात येतात. इतरत्र जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. हो, दहाच रुपये. कायद्यात रक्कम अजून तीच आहे.

मृण्मयी_नॉरिच

मार्च २०२५मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी काय झालं ते आठवा. सिनेमा पाहून लोक मोगलांचं सोनं शोधायला रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. मालकांच्या डोक्याला ताप झाला तो वेगळाच. इथे इंग्लंडातही शेतमालकाच्या परवानगीशिवाय वस्तू उचलली तर चोरीच. नोंद असलेल्या स्मारकावर डिटेक्टर बंद. कायद्याच्या व्याख्येत बसणारा खजिना मिळाला तर १४ दिवसांत कोरोनर नावाच्या अधिकाऱ्याला कळवायचं. स्कॉटलंडात तर जुनी वस्तू सापडली की ती राजसत्तेचीच. फरक इतकाच की इथे सापडलेली साधी बक्कल, शिसाचं वजनसुद्धा पोर्टेबल ॲंटिक्विटीज स्कीमकडे नोंदवता येतं, आणि कुठे सापडलं तो बिंदू राहतो. आपल्याकडे अशी सोय असती तर भुईमूगला सरळ 'नको' म्हणावं लागलं नसतं.

भुईमूग_सातारा

समजलं. मामाच्या विहिरीत पडलेल्या किल्ल्या काढायला तरी चालेल ना?

खडूस_काका

किल्ल्या लोखंडी असतील तर दोरी आणि लोहचुंबक पुरे. बघा, वाचवले पाच हजार.

नांगरट

मूळ मुद्द्यावर येऊ. माझ्या बाजूचं एक राहिलं. शेतावर हल्ली शहरी कचऱ्याचं खत पडतं, त्यात ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे. अशा शेतात दोन सिग्नल हातभर अंतरावरही नसतात. तिथे कचऱ्याशेजारचं चांगलं लक्ष्य वेगळं काढायला मल्टीचा फायदा होतो.

ढेकूळफोड्या

तिथे फायदा होतो तो कॉइल छोटी असण्याचा आणि हात सावकाश हलवण्याचा. आणि लोखंडाचं कोण बोलणार? व्हॅन्क्विश ४४० गंजक्या, वाकड्या लोखंडावर आणि बाटलीच्या पत्र्याच्या बुचांवर छान उंच स्वर काढतो. आयर्न बायस (लोखंडाला किती दाबायचं ती सेटिंग) बदलायची सोय ५४०ला आहे, ४४०ला नाही. सिम्प्लेक्सवर मी लोखंडाचा आवाज बारीक करतो पण बंद करत नाही. खिळा घुरघुरतो, मध्येच एकदा टिंग होतं, मग मी नव्वद अंशांत फिरून दुसऱ्या बाजूने कॉइल नेतो. दुसऱ्या बाजूनेही टिंग आलं तर खणतो, नुसती घुरघुर आली तर सोडतो. या सवयीने जॉर्ज पाचव्याच्या काळातला एक शिलिंग काढलाय, १९२०च्या आधीचा, म्हणजे स्टर्लिंग चांदीचा, दोन खिळ्यांच्या मधोमध.

मृण्मयी_नॉरिच

ही फिरून बघायची सवय व्हॅन्क्विशवरही चालते, नुसता सिम्प्लेक्सचा गुण नाही तो. मी ४४० वापरते, बुचांचा त्रास खरा आहे. बूच असलं की कॉइल कडेला सरकवताच स्वर फाटतो, नाण्यावर फाटत नाही. पण माझ्याकडे नॉरफोकचा किनारा आहे आणि क्राउन इस्टेटच्या (राजसत्तेच्या मालमत्तेच्या) भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वेगळी परवानगी काढावी लागत नाही. म्हणून मी ४४०वर. तुमच्या डर्बीशरात असते तर सिम्प्लेक्स घेतला असता.

नांगरट

ताई, तुम्ही माझ्या बाजूने बोलताय की विरुद्ध?

मृण्मयी_नॉरिच

विरुद्ध. तुम्ही शीर्षकात सगळ्यांनाच व्हॅन्क्विश सांगितलाय. तुमची स्वतःची परवानगी कुठल्या शेताची आहे, हे अजून धाग्यात आलेलंच नाही.

नांगरट

श्रॉपशर. समुद्र नाही. तरी ४४०च.

ढेकूळफोड्या

मग पुढच्या पावसात पिशवी बांधलेला फोटो टाका.