मदत हवी आहे: शाळेकडे आत्महत्या-प्रतिबंधाची लेखी कार्यपद्धती मागायची आहे, ठराव कसा मांडू?

नमस्कार. माझी मुलगी मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत नववीला आहे, एसएससी बोर्ड. यंदा मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर आहे. पुढच्या सभेत एक ठराव मांडायचा आहे. तो विश्वस्तांपुढे टिकावा म्हणून इथले शिक्षक, समुपदेशक आणि वकील मंडळींची मदत हवी आहे.

घडलं ते थोडक्यात सांगते. सहामाही परीक्षेनंतर वर्गातल्या एका मुलीने मैत्रिणीला रात्री मेसेज केला, की आता जगावंसंच वाटत नाही. मैत्रीण घाबरली, तरी सकाळी शाळा भरायच्या आत बाईंकडे गेली. त्या वयाच्या मुलीने याहून शहाणपणाचं काय करायचं? बाईंनी दोघींना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर उभं केलं, 'असली नाटकं करायची नाहीत' म्हणून झापलं आणि दोन्ही घरी फोन केले. ती मुलगी आता सावरते आहे, घरच्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. पण वर्गातल्या मुलींनी आपसात ठरवून टाकलंय की यापुढे बाईंना काही सांगायचं नाही. मला खरी धास्ती याची आहे. बाई मनाने वाईट नाहीत, मुलांसाठी खूप करतात. अशा वेळी काय बोलायचं, कोणाला कळवायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

शाळेत समुपदेशक आहेत, पण आठवड्यातून एकदा येतात आणि ऑफिसच्या काचेच्या केबिनमध्ये बसतात. तिथे कोण गेलं हे अख्ख्या मजल्याला दिसतं.

आता कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात पंधरा मार्गदर्शक तत्त्वं दिली (न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता). प्रकरण विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचं होतं, त्यामुळे बऱ्याच जणांचा समज झालाय की हे फक्त कोचिंग क्लासेसना लागू आहे. तसं नाही. सरकारी आणि खासगी शाळांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, आणि योग्य कायदा होईपर्यंत ही तत्त्वं बंधनकारक आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. वर्षातून किमान दोनदा शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सगळ्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण घ्यायचं. मला हे शिक्षकेतर फार महत्त्वाचं वाटतं, कारण बाथरूममध्ये रडणारी मुलगी सगळ्यात आधी मावशींना दिसते. मूल संकटात असेल तर डॉक्टर, रुग्णालय, हेल्पलाइन यांच्याकडे लगेच कसं पाठवायचं याची लेखी पद्धत हवी. आणि मार्कांवरून तुकड्या पाडणं, सगळ्यांसमोर लाज काढणं हे शक्य तितकं टाळायचं. आमच्याकडे 'अ' तुकडी हुशारांची आणि 'ड' उरलेल्यांची आहे, चाचणीचे मार्क वर्गात मोठ्याने वाचले जातात. हाही मुद्दा त्याच ठरावात घ्यावा, की वेगळा ठेवावा? दोन्ही एकत्र आणले तर तुकड्यांवरच वाद होईल आणि मूळ मागणी बाजूला पडेल, असं मला वाटतंय.

एका विश्वस्तांशी अनौपचारिक बोलले. ते म्हणाले, "असं काही लेखी आणलं तर उद्या पोलीस केस व्हायची." यावर माझ्याकडे उत्तर आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ११५ : आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून गेलंच. नव्या न्याय संहितेत उरलंय ते कलम २२६, आणि ते सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं आहे. त्यांचं दुसरं म्हणणं, "मुलांपुढे हा विषय काढला तर नसतं डोक्यात येईल." जागतिक आरोग्य संघटनेसकट सगळे तज्ज्ञ सांगतात की थेट आणि काळजीने विचारल्याने हा विचार मनात पेरला जात नाही, उलट मूल मोकळं होतं. पण हे सभेत माझ्या तोंडून ऐकून कोणाला पटेल? मानसोपचारतज्ज्ञांना बोलवावं का? केईएम, नायर किंवा सायनच्या मानसोपचार विभागातून पालकसभेसाठी कोणी येतं का, आणि विनंतीपत्र कोणाच्या नावे द्यायचं?

आणखी काही गोष्टी विचारायच्या आहेत. शाळेने टाळाटाळ केली तर पत्र आमच्या विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे द्यायचं, की थेट चर्नी रोडला उपसंचालकांकडे? मुलीने विश्वासाने सांगितलेलं घरी किती आणि कसं सांगावं, हा प्रश्न शाळांमध्ये काम करणाऱ्या समुपदेशकांना आहे. जीव धोक्यात असेल तर पालकांना कळवावंच लागणार, हे मान्य. पण त्या मुलीला आधी सांगून, तिच्यासमोर फोन करता येतो ना? आणि कोणाच्या शाळेने अशी कार्यपद्धती प्रत्यक्षात लिहिली असेल तर शाळेचं नाव काढून तिचा नमुना इथे टाकाल का?

एक सोपी मागणी ठरावात सगळ्यात वर ठेवणार आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात २०१९ पासून सातवी ते बारावीच्या ओळखपत्रावर आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनचा नंबर छापणं कायद्याने सक्तीचं आहे. आपल्याकडे टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. न्यायालयाने हा नंबर वर्गांत आणि वेबसाइटवर ठळक लावायला सांगितलंच आहे. जूनमध्ये नवी ओळखपत्रं छापली जातील तेव्हा मागच्या बाजूला १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ टाकायला एक रुपयाही जास्त लागणार नाही.

भर: खाली दोघांनी विचारलंय की बाईंविरुद्ध तक्रार का करत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मानसिक छळाला मनाई आहे, हे मला माहीत आहे. पण त्या मुलीच्या आईने हात जोडून सांगितलंय की आमचं प्रकरण पुढे आणू नका, मुलीला पुन्हा त्याच वर्गात बसायचंय. म्हणून ठरावात त्या घटनेचा एक शब्दही येणार नाही. कृपया मसुदा त्या हिशेबानेच सुचवा.